'हॉटेल रुआंडा' : एक भाषिक उणीव

रुआंडातील १९९४ च्या वंशसंहारावरील टेरी जॉर्ज दिग्दर्शित 'हॉटेल रुआंडा' (२००४) या चित्रपटाचा नायक पॉल निःशस्त्र आहे. किगालीतील हॉटेलात आश्रयास आलेल्या बाराशेहून अधिक जीवांचे रक्षण तो व्यवस्थापकाच्या अंगवळणी पडलेल्या आर्जवी भाषेने (आणि, हेही खरे, मद्याच्या बाटल्यांनी) करतो. याउलट नभोवाणी तुत्सींना 'झुरळे' म्हणते. हा विरोध दिग्दर्शकाने मार्मिकपणे टिपला आहे. नायकाच्या चित्रणाविषयी काही बचावलेल्यांनी आक्षेप घेतले, तो प्रश्न निराळा. परंतु हुतू व तुत्सी या दोहोंचीही मातृभाषा किन्यारुआंडाच होय. शेजाऱ्याचा घात शेजाऱ्याच्याच बोलीत पुकारला गेला. संवादांसाठी बहुतांशी इंग्रजी योजिल्यामुळे हे भीषण सत्य प्रेक्षकाच्या कानी पडतच नाही.