डबा नव्हे, चिठ्ठी

संगणकाची भाषा शिकवताना ‘चल म्हणजे डबा’ असे सांगण्याची पद्धत आहे. ‘क्ष = ५’ म्हणजे क्ष नावाच्या डब्यात ५ ठेवले. संख्यांपुरती ही उपमा निभावते. पायथन भाषेतील याद्यांच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करते, असे आमचे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. आंबिवलीच्या मुलांना पाठ असलेली यादी : कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली. संगणकाने पत्ते पिसावेत तशी ही नावे पिसून द्यायची आणि मुलांनी ती कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीच्या क्रमाने लावायची. शिक्षकांनी यादीला ‘मूळ’ हे नाव दिले, ‘प्रश्न = मूळ’ असे लिहिले आणि शफल या आज्ञेने ‘प्रश्न’ पिसला. एका मुलीने अचूक क्रम लावला. ‘मूळ’शी ताडून संगणक म्हणाला, ‘चूक’! काहीच न हलवणाऱ्या मुलाला मात्र ‘बरोबर’! रोज त्याच गाडीने जाणारी मुलगी आता स्वतःवरच शंका घेणार.

असे का झाले? दुसरा डबा तयारच झाला नव्हता. ‘मूळ’ आणि ‘प्रश्न’ या एकाच यादीला चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. शफल नवी यादी देत नाही; हाती असलेलीच जागच्या जागी पिसते. त्यामुळे प्रश्नाबरोबर उत्तरही पिसले गेले.

यात शफलचा दोष नाही. फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली दिलेल्या कागदी कृतीत एकेक आकडा खोडून तो नव्या यादीत उतरवायचा असे. डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली संगणकासाठी त्याच यादीत अदलाबदल करण्याची रीत मांडली. तिला दुसऱ्या यादीची जागा लागत नाही.

उपाय सोपा आहे. ‘प्रश्न = मूळ.कॉपी()’ लिहून प्रत काढावी, मग ती पिसावी. किंवा सॅम्पल या आज्ञेला पाचही नावे मागावीत. ती पिसलेली नवी यादी देते व मूळ यादीला हात लावत नाही.

पण उपाय पाठ करून घेण्यापूर्वी फळ्यावरचा डबा पुसावा. पिसल्यानंतर ‘मूळ’ छापून काय दिसेल, हे मुलांना आधी सांगू द्यावे; मग छापून पाहावे. पाच नावांचे १२० क्रम होतात, म्हणून क्वचित चूक लपेलही. तेव्हा पुन्हा पिसावे.