खर्जाची तार

रॉक संगीताविषयी लिहिताना आपले समीक्षक गायकापाशी, फार तर गिटारवादकापाशी थांबतात. मागे उभ्या असलेल्या बासवादकाचा नाद कानापेक्षा छातीला अधिक जाणवतो. म्हणूनच बहुधा त्याच्याविषयी बोलले जात नाही. आता चर्चच्या गायकवृंदातही बास गिटार आली असल्याने या नादाचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

फेंडर कंपनीची ‘प्रिसिजन बास’ 1951 साली आली. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. तारेच्या गाभ्याभोवतीची गुंडाळी सपाट असेल, तर नाद गोलसर आणि आखूड उमटतो. गोल तारेची असेल, तर तो खणखणीत आणि लांबणारा होतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन सपाट गुंडाळीच्या जाड तारा वापरी आणि तुटल्यावाचून त्या बदलत नसे. ‘द हू’चा जॉन एन्टविसल याने 1960च्या दशकात गोल गुंडाळीच्या तारांना पियानोसारखी धार आणली. त्याच्या संचात एकच गिटार असल्याने रिकामी जागा भरणे हे त्याचे काम होते. जेमरसनपुढे मोठा वाद्यवृंद होता, म्हणून जागा सोडणे हे त्याचे. दोघेही आपापल्या ठिकाणी योग्यच.

हा विवेक आपल्याला परका नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळकरांना धाग्याचे मोल सांगायला नको. तो नेमक्या जागी बसला की खर्ज उमलतो. प्रिसिजन बासच्या झाकणाखालचा स्पंजचा तुकडा उलट काम करतो, तो नाद आवरतो. दोन्हींचा हेतू मात्र एकच : गाणाऱ्याला आधार मिळावा.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1963 साली पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, उपासनेला साजेशा अन्य वाद्यांनाही वाट मोकळी केली. हे साजेसेपण वाद्याच्या नावात नसून नादात असते, असे आमचे मत आहे. शब्द ऐकू यायचा असेल, तर मिस्सेत सपाट गुंडाळीचीच तार बरी. आणि ध्वनिवर्धकाचा कान पिळलेला नसावा, हे त्याहून बरे.

एक गोष्ट मात्र खटकते. जेमरसनचे नाव मोटाउनच्या वेष्टनावर यायला 1971 साल उजाडावे लागले. हिंदी चित्रपटांत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास वाजवणारे टोनी वाझ आणि त्यांचे कितीतरी गोमंतकीय ख्रिस्ती सहवादक यांची नावे श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोचली. मागे उभे राहण्याची नम्रता वादकाने स्वतः स्वीकारावी. ती त्याच्यावर लादणे हा अन्याय होय. आपल्या भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रणांवर तरी गायकांच्या खाली बासवादकाचे नाव छापले जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.