न वाचता येणारी अक्षरं

एतेल अदनानची चित्रं मी पहिल्यांदा फोनवर पाहिली. पिवळं आकाश, गुलाबी उतार, मध्येच लाल चौकोन. लाइक केलं, पुढे सरकले. नंतर कळलं की ‘सित मारी रोझ’ ही कादंबरीही हिचीच. लेबननच्या यादवीत पळवून ठार केलेल्या एका बाईची गोष्ट. हे लिहिणारीनं असे गोड डोंगर रंगवावेत? मला ती चक्क पळवाट वाटली.

आता तसं वाटत नाही.

अदनानचा जन्म १९२५चा, बैरूतचा. आई स्मर्नाची ग्रीक ख्रिस्ती, वडील दमास्कसचे मुसलमान, ऑटोमन सैन्यातले अधिकारी. घरात ग्रीक आणि तुर्की, शाळेत फ्रेंच. तिथे अरबी बोललं की शिक्षा. वडिलांनी अरबी अक्षरं गिरवून घेतली खरी, पण भाषा हाती आली नाही. पुढे ती कॅलिफोर्नियात तत्त्वज्ञान शिकवत होती तेव्हा अल्जीरियाचं युद्ध पेटलं होतं. फ्रेंचमध्ये लिहिणं तिला नकोसं झालं. आपण अरबीत चित्रं काढू, असं तिनं ठरवलं.

हे वाक्य आता सुविचारासारखं फिरतं. त्याचा खरा अर्थ मला तिच्या घडीच्या वह्यांत सापडला. अकॉर्डियनसारख्या उलगडणाऱ्या या जपानी वह्यांत ती अरबी कवींच्या कविता स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवायची, सोबत जलरंग. सगळ्या ओळींचा अर्थ तिला लागत नसे. तरी लिहायची. तेलरंगांपेक्षा मला इथे जास्त जोखीम दिसते.

आणि डोंगर? तो तमालपाइस, सॉसालिटोच्या घरातून दिसणारा. १९७२मध्ये ती बैरूतला परतली, वर्तमानपत्रात काम केलं, मग युद्धानं ते शहरही सुटलं. डोंगर तेवढा जागेवर राहिला. कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवून, ट्यूबमधला रंग सुरीनं थापत ती तो काढत राहिली. पॅरिसमध्ये राहायला गेल्यावर आठवणीतून. शेवटच्या वर्षांतली काही चित्रं मला एकसारखी वाटतात, हेही सांगायला हवं.

२०१२च्या डॉक्युमेंटानंतर कलाजगतानं तिला ‘शोधून काढलं’. वय ८७! म्हणजे आधीची पन्नास वर्षं ती हरवली होती की काय?

२०२१च्या नोव्हेंबरात ती पॅरिसमध्ये गेली, तेव्हा न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये तिचं प्रदर्शन चालू होतं. फोनवर डोंगर अजूनही झकास दिसतो. सुरीनं थापलेल्या रंगाची जाडी मात्र दिसत नाही, आणि घडीची वही तर स्क्रीनवर मावतच नाही. ती बघायची तर टेबलाच्या कडेनं चालत जावं लागतं.