रकाना नसलेली माणसे

सांताक्रूझ पूर्वेला कालिन्याच्या विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आहे. १९२१ साली स्थापन झालेला हा विभाग आता ‘मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी’ या नावाने ओळखला जातो. नावात सार्वजनिक धोरण आले याचे मी स्वागतच करतो. परंतु धोरणाच्या अभ्यासातले प्रश्न कोण लिहितो, हा सवाल पाटी बदलून सुटत नाही.

विद्यापीठाची परंपरा क्षुल्लक नाही. डी. टी. लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मुंबई शहराची आर्थिक पाहणी १९६३ साली ग्रंथरूपाने आली. काम, मजुरी आणि राहणीमान यांची मोजदाद विद्यापीठाने करावी, असे त्या पिढीने मानले. मोजदाद आजही होते. पण मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यामधले अंतर तसेच आहे.

मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. माझा एक विद्यार्थी सुट्टीत पाहणीचे फॉर्म भरायला जाई. फॉर्ममागे पैसे मिळत. एकदा त्याच्या वाट्याला त्याचीच गल्ली आली. मला म्हणाला, “सर, संडास आहे का, याला रकाना आहे. तो साफ कोण करतं, याला नाही.”

“मग तू काय केलंस?”

“रकानाच नाही, तर लिहू कुठं?”

बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर इंग्रजीत निबंध लिहिला. तेव्हाचे जाणकार जमिनीचे तुकडे कसे जोडावेत याच्या योजना आखत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला. दुखणे तुकड्याच्या आकारात नाही. भांडवल तुटपुंजे आहे आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, म्हणून उद्योगधंदे वाढवा, असे त्यांनी मांडले. हे खरे धोरणसंशोधन. दिलेल्या रकान्यात उत्तर भरणे नव्हे.

शिष्यवृत्तीचेच पाहा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख ठरली. २०२१ च्या सुधारणेतही ती तेवढीच राहिली. मधल्या काळात महागाई कुठे गेली, ते भाजी घेणाऱ्या बाईला विचारा. महापालिकेत कायम झालेल्या सफाई कामगाराची मुलगी या मर्यादेपलीकडे जाते आणि तिचा निर्वाहभत्ता जातो. बाप कायम झाला, ही त्या घराची चूक ठरते! ‘योजनेचा लाभ किती जणांनी घेतला’ एवढेच मोजणाऱ्या प्रबंधात ही मुलगी सापडणार नाही. ती लाभार्थीच नाही.

आपल्यालाही बोल लावला पाहिजे. आमची मुले एम. ए. ला, पीएच. डी. ला पोहोचली की आरक्षण किंवा एखादी कल्याणकारी योजना हाच विषय घेतात. पुष्कळदा तो त्यांच्या गळ्यात घातला जातो. चलन, कर, अंदाजपत्रक हे जणू दुसऱ्यांचे वतन. बाबासाहेबांचे ग्रंथ मात्र रुपयावर (१९२३) आणि प्रांतिक अर्थकारणावर (१९२५) आहेत. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडले? मी स्वतः एम. ए. होईपर्यंत उघडले नव्हते.

तो फॉर्म भरणारा मुलगा आता एम. ए. करतो आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात कचरा उचलण्याच्या कंत्राटांवर किती खर्च होतो आणि त्यातून मजुराच्या हाती किती पडतो, हा विषय त्याने घेतला आहे. विषय फार रुक्ष आहे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने अजून बदललेला नाही.