चिवट स्मृती : गुस्मान यांचे चिलीतील पुनरागमन

पात्रिसिओ गुस्मान यांच्या ‘चिली : चिवट स्मृती’ (१९९७) या जेमतेम तासाभराच्या अनुबोधपटाचा विचार त्यांच्याच ‘चिलीची लढाई’पासून (१९७५-७९) सुटा करता येत नाही. साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारचे अखेरचे महिने टिपणारा तो त्रिखंडात्मक चित्रपट त्यांना मायदेशी पुरा करता आला नव्हता. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये त्यांना डांबण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी देश सोडला. चित्रीकरणाची रिळे स्वीडिश दूतावासाच्या साहाय्याने बाहेर पडली, संकलन क्यूबात झाले. छायालेखक होर्हे म्यूलर सिल्वा १९७४ मध्ये पकडले गेले, ते परतलेच नाहीत.

‘चिवट स्मृती’मध्ये दिग्दर्शक तीच रिळे घेऊन परततो, आणि स्वतःच्या जुन्या कलाकृतीलाच साक्षीदार करतो. ही कल्पना वरवर साधी वाटते. तिचे सामर्थ्य प्रसंगांतून जाणवते. आयेंदे यांचे एकेकाळचे अंगरक्षक वार्धक्याकडे झुकलेल्या देहांनी पुन्हा मोटारीच्या कडेने चालू लागतात. तरुण वादकांचा ताफा त्या काळचे विजयगीत वाजवीत रस्त्यांतून जातो, तेव्हा कोणी थबकतो, कोणी मान फिरवतो. घरातील अनेक माणसे गमावलेल्या एका वृद्धेला जुन्या चित्रपटातील एक चेहरा दाखवून ‘ही तुम्हीच का?’ असे विचारले जाते. ती खात्रीने सांगत नाही. संपूर्ण चित्रपटात याहून अस्वस्थ करणारा क्षण मला आढळला नाही. स्मृती चिवट असते, या शीर्षकातील दाव्यालाच येथे तडा जातो, आणि दिग्दर्शक तो लपवीत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रसंगांबाबत मात्र इतके समाधान वाटत नाही. काही मुली उठावाचे निःसंकोच समर्थन करतात. त्यांची ही मते कोणत्या घरांत, कोणत्या पाठ्यपुस्तकांतून घडली, याचा शोध घेतला जात नाही. पुढे जुना चित्रपट पाहून तरुण ढसाढसा रडतात आणि कॅमेरा त्या अश्रूंवर रेंगाळतो. अश्रू खरेच आहेत. पण आपल्या गैरहजेरीत वाढलेल्या पिढीशी दिग्दर्शकाने मांडलेला वाद तेथे अर्ध्यावर सुटतो. ‘नोस्ताल्जिया दे ला लूस’मध्ये (२०१०) आताकामाच्या वाळवंटात आप्तांच्या अस्थी शोधणाऱ्या स्त्रियांसमोर हेच गुस्मान कितीतरी अधिक संयमाने उभे राहतात, तेथे कॅमेऱ्याला रडण्याची वाट पाहावी लागत नाही.