राखेत पुरलेलं पुडिंग

धर्म सोडणं म्हणजे नेमकं काय सोडणं? देव सोडणं, देऊळ सोडणं, की ताट सोडणं? पहिल्या दोहोंवर पुरुषांनी पुष्कळ लिहिलंय. ताटाचा प्रश्न बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतो, कारण सणाला चुलीपुढं तीच उभी असते. म्हणून कडक पंथातून बाहेर पडलेल्यांच्या आत्मकथा हातात आल्या की मी त्यातली सणाची पानं आधी शोधते. अशी दोन इंग्रजी पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. दोन्हीत सण एकच आहे, नाताळ.

पहिलं एडमंड गॉस यांचं ‘फादर अँड सन’. ते 1907 साली निघालं, तेव्हा त्यावर लेखकाचं नावसुद्धा नव्हतं. वडील फिलिप हेन्री गॉस हे समुद्रातल्या जिवांचे नामांकित अभ्यासक. घरात काचेच्या टाकीत मासे ठेवायची हौस इंग्लंडात पसरली, त्यात त्यांचा मोठा वाटा. आणि हेच गृहस्थ ‘प्लिमथ ब्रेदरन’ या अतिशय कडक ख्रिस्ती पंथाचे. आई एमिलीही तशीच. काल्पनिक गोष्ट सांगणं म्हणजे खोटं बोलणं, अशी तिची समजूत होती. त्यामुळं लेकराच्या कानावर राजाराणीची एक गोष्ट पडली नाही. 1857 च्या फेब्रुवारीत आई कर्करोगानं गेली. त्याच वर्षी बापलेक डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले आणि तिथल्या पहिल्याच नाताळात ती पुडिंगची गोष्ट घडली.

ख्रिस्ती आणि नाताळ करत नाहीत, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. गोव्यात किंवा बेळगावच्या कॅम्पात राहिलेल्या बाईला नाताळ म्हटलं की शेजारणीकडून आलेलं, रुमालानं झाकलेलं ताट आठवतं. पण प्रॉटेस्टंटांमधल्या कडक मंडळींचं म्हणणं असं, की बायबलात येशूच्या जन्माची तारीख कुठंच नाही. हा सण जुन्या मूर्तिपूजकांच्या हिवाळी उत्सवांवर रचलाय आणि कॅथलिकांनी तो वाढवलाय. इंग्लंडच्या पार्लमेंटनं 1647 साली नाताळ रद्दच केला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 पर्यंत नाताळ करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडात तर त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी मिळायला 1958 साल उजाडावं लागलं. फिलिप गॉस याच परंपरेतले. त्यांच्या घरी नाताळचा दिवस इतर दिवसांसारखाच जायचा.

घरात दोन मोलकरणी होत्या. त्यांनी मालकाच्या चोरून आपल्यापुरतं लहानसं पुडिंग केलं आणि बिनआईच्या पोराला दया येऊन एक फोड खाऊ घातली. मुलगा आठ वर्षांचा. थोड्या वेळानं पोटात दुखायला लागलं आणि त्याहून जास्त मनात. शेवटी न राहवून तो वडिलांच्या खोलीत धावला आणि मूर्तीला वाहिलेलं खाल्ल्याची कबुली रडत रडत दिली. वडिलांनी त्याचा हात धरला, स्वयंपाकघरातून उरलेलं पुडिंग ताटलीसकट उचललं आणि धावत जाऊन उकिरड्यावरच्या राखेत फेकलं. नुसतं फेकलं नाही, खोल पुरून टाकलं.

गॉस हा प्रसंग हसत हसत सांगतात आणि वाचणारीलाही हसू येतंच. पण मला त्यातली एकच गोष्ट सुटत नाही. बापाच्या एका हातात ताटली आहे आणि दुसऱ्या हातात घट्ट धरलेला मुलगा. फेकणारा आणि धरून ठेवणारा माणूस एकच. कडक घरातून बाहेर पडणाऱ्याचं खरं दुखणं हेच असतं. ज्यानं पोळलं त्याच हातानं जवळही घेतलेलं असतं. बाप समुद्रकाठच्या खडकांतल्या डबक्यांत वाकून मुलाला एकेक जीव दाखवतो, ती पानं पुस्तकातली सगळ्यात सुंदर पानं आहेत. तो हात सोडायचा तर त्या डबक्यांचं काय करायचं?

आपल्यातली बाई या पुडिंगपाशी आणखी एका कारणानं थबकेल. त्यात गाईबैलाची चरबी पडते, अंडी पडतात. म्हणजे ताटापुरतं बघितलं तर आपण बापाच्या बाजूला! काय पोटात जावं नि काय जाऊ नये याचा विचार करणारं घर आपल्याला परकं नाही. मैत्रिणीच्या डब्यातला बटाटा खाऊन घाबरलेली मुलगी आपल्यातल्या कितीजणींनी पाहिली असेल. पण आपल्याकडं एक शब्द आहे, ‘नियम घेणं’. नियम घ्यायचा असतो, तो घेणाऱ्यानं आपल्या तोंडानं बोलायचा असतो. लादलेला नियम पोटात दुखवतो, घेतलेला नियम भूक सोसायला शिकवतो. गॉसच्या लेकराला घ्यायची संधीच कुणी दिली नाही. एवढ्या एका फरकावर हे सगळं पुस्तक उभं आहे.

या पुस्तकाचा मोठेपणा मान्य करून दोन तक्रारी नोंदवायला हव्यात. पहिली बापाविषयी. अ‍ॅन थ्वेट यांनी 2002 साली फिलिप गॉस यांचं चरित्र लिहिलं. लेकानं रंगवला तेवढा बाप कठोर नव्हता आणि ते बालपणही तेवढं अंधारं नव्हतं, असं त्यात दिसतं. दुसरी तक्रार माझी. त्या दोन मोलकरणी पुस्तकातून चटकन नाहीशा होतात. बाप आणि लेक यांच्या झगड्यात त्यांना विनोदापुरती जागा मिळते. पण त्या घरात सण कुणी आणला? त्यांनीच ना! दिवसभराच्या राबण्यातून वेळ काढून, लपून. मालकानं त्यांचं पुडिंग पुरलं तेव्हा त्यांना काय वाटलं, हे गॉस विचारत नाहीत. आणि मोठा झालेला मुलगा धर्मापासून सुटल्यावर आपल्या घरी नाताळ कसा करतो, हेही पुस्तक सांगत नाही. आपलं मन आपण घडवायचा हक्क तो घेतो आणि तिथं पुस्तक संपतं. विचार सुटले, पण चूल पेटली का?

त्या प्रश्नाला उत्तर दुसऱ्या पुस्तकात मिळतं. जनेट विंटरसन यांचं ‘ख्रिसमस डेज’, 2016 सालचं. बारा गोष्टी आणि बारा पाककृती. जनेट दत्तक मुलगी. आई पेन्टेकॉस्टल पंथाची, जगाच्या अंताची वाट बघत बसणारी, मुलीनं लपवलेली पुस्तकं जाळणारी. एका मुलीवर प्रेम केलं म्हणून सोळाव्या वर्षी जनेटला घर सोडावं लागलं. पण या घरातली गंमत उलटी. इथं नाताळ बंद नव्हता. वर्षभर दुःखी असणारी आई तेवढ्याच दिवसांत आनंदी असायची.

म्हणून जनेट चर्च सोडतात, नाताळ सोडत नाहीत. आईचे मिन्स पाय त्यांच्या पुस्तकात आहेत, वडिलांची ट्रायफलही आहे. आणि बघा, ज्या कारणासाठी गॉसचा बाप पुडिंग पुरतो, त्याच कारणासाठी जनेट सण ठेवून घेतात. हा सण आधीपासूनच मिसळीचा आहे, रोमन लोकांचा, हिवाळ्याचा, दिव्यांचा, म्हणून तो एकट्या चर्चच्या मालकीचा नाही. इतिहास एकच, निकाल दोन.

पुस्तक म्हणून ‘ख्रिसमस डेज’ लहान आहे. त्यातल्या काही भुताच्या गोष्टी पातळ आहेत, गोडवा जास्त होतो. पाककृतींच्या आधीचं आठवणींचं लिखाण मात्र अस्सल. ‘फादर अँड सन’च्या उंचीला ते जात नाही. पण उद्या सणाला ताटात काय वाढायचं, या विचारानं जागी असलेल्या बाईला त्याचाच उपयोग जास्त.

दोन्ही वाचून मला एवढं कळतं. धर्म सोडल्यावर सण करावा की करू नये, याचा निकाल श्रद्धेवर लागत नाही. बापाला चिडवायला खाल्लेलं पुडिंगही बापाचंच, आणि बापाच्या भीतीनं न खाल्लेलंही बापाचंच. तो मनात उभा आहे तोवर ताट आपलं नाही. बापाला जाग न देता ‘हे मला हवं’ किंवा ‘हे मला नको’ असं आपल्या तोंडानं म्हणता आलं, की मग पेटवलेली चूलही आपली आणि न पेटवलेलीही आपली. त्या दोन मोलकरणींना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सण केला, आणि शेजारी पोरकं पोर दिसलं म्हणून एक फोड त्याला दिली. सणाची याहून चांगली व्याख्या मला या दोन्ही पुस्तकांत सापडली नाही.