घंटा आणि अक्षर

टेलिफोन हातांत असतां माणसें बोलण्याऐवजीं लिहून कां कळवितात, या प्रश्नाला ‘आळस’ हें उत्तर वडील मंडळी फार लवकर देतात. आमच्या मतें तें खरें नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत शहाद्याजवळ, सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या आसमंतांत पुरुषोत्तमनगर वसलें आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका घरची मुलगी पुण्यास शिकते. ती आईस रोज व्हॉट्सॲपवर दोन ओळी धाडते. फोन मात्र क्वचितच करते. आईची तक्रार ऐकून आम्हीं मुलीस विचारलें. ती म्हणाली, “काका, आवाजावरून आई सारें ओळखते. लिहितांना मला सांगावयाचें तेवढेंच सांगतां येतें.”

फोनची घंटा ही एक प्रकारची आज्ञाच होय. हातांतलें काम टाकून तत्क्षणीं उत्तर द्यावें लागतें, आणि तोंडून गेलेला शब्द खोडतां येत नाहीं. लिहिणाराला सवड मिळते व आडोसाहि मिळतो. या आडोशाचें मोल मराठींत जी. ए. कुलकर्णी यांच्याइतकें क्वचितच कोणीं ओळखलें असेल. धारवाडास राहून भेटीगाठी टाळणारा हा कथाकार पत्रांत किती मोकळा होई, हें सुनीताबाई देशपांडे यांस लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथरूप पत्रांवरून वाचकांस ठाऊक आहेच. संकोची मनुष्य कागदाआडून अधिक जवळ येतो. तेव्हां केवळ लिहिणें पसंत केलें म्हणून त्या मुलीस दोष देतां येणार नाहीं.

पण जी. ए. आडोशाला जात ते अधिक सांगण्यासाठीं. ही मुलगी जाते ती कमी सांगण्यासाठीं. “बरी आहे. जेवलें.” एवढ्यावर तिचें पत्र संपतें! तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तेथें काटकसर शोभे. आपल्याकडे तार २०१३ च्या जुलैंत बंद झाली. शब्दाला आतां दाम नाहीं, काटकसर मात्र उरली आहे.

तारेचें भयहि असेंच मागें राहिलें आहे. दाराशीं तारवाला दिसला कीं पूर्वीं घरांत धस्स होई. नित्याचें सारें लिहून कळूं लागल्यामुळें आतां अवेळीं वाजणारी घंटा अशुभ वाटते. मुलीचा फोन आला कीं आई प्रथम “काय झालें?” असेंच विचारते, आणि आई घाबरते म्हणून मुलगी फोन करीत नाहीं. दोघींचेंहि खरें आहे.

हल्लीं आईनें यांतून वाट काढली आहे. ती आपला आवाज मुद्रित करून धाडते. त्यांत मागें फोडणीचा चुरचुराट असतो, कोणी शेजारीण मधेंच हांक मारते, आणि काय सांगावयाचें होतें तें आई विसरते. मुलगी तें रात्रीं सवडीनें ऐकते. कधीं दोनदांहि ऐकते, असें ती म्हणाली. उत्तर अर्थात् लिहूनच देते, पण अलीकडे तें चार ओळींचें असतें.